ज्येष्ठ नागरिक, त्यांचे काळजीवाहक आणि माहितीचे अर्थशास्त्र

(अर्थशास्त्र व लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

भारताच्या लोकसंख्येची चर्चा सुरू झाली की तरुण मनुष्यबळाचा आणि त्यापासून मिळणाऱ्या लाभांशाचा उल्लेख हमखास होतो. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांतही तो असतोच. याच लोकसंख्येच्या दुसऱ्या टोकाला जे घडत आहे, त्याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. २००१ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे ७.६६ कोटी होती. २०११ मध्ये ती १०.३८ कोटींवर गेली, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के झाली. लोकसंख्या अनुमानविषयक तांत्रिक गटाने २०२० मध्ये सादर केलेल्या अंदाजांनुसार २०२१ मध्ये ही संख्या सुमारे १३.८ कोटी असून २०३१ मध्ये ती १९.४ कोटींच्या घरात जाईल. २०११ मध्ये केरळमध्ये हे प्रमाण १२.६ टक्के होते. गोवा, तामिळनाडू, पंजाब आणि हिमाचल प्रदेश ही राज्ये त्यामागोमाग होती, तर महाराष्ट्र ९.९ टक्क्यांवर होता. ज्येष्ठांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होते, ही बाबही येथे ध्यानात घ्यावयास हवी. वृद्धत्व हा केवळ महानगरांतील सदनिकांचा प्रश्न आहे, असा जो समज रूढ आहे तो या आकड्यांपुढे टिकत नाही.

या वर्गासाठी शासनाने काहीच केलेले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. १९९५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. १९९९ मध्ये ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले आणि २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा संमत झाला. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आहे. योजनांची यादी लांबलचक आहे. प्रश्न आहे तो या यादीतील सेवा आणि ज्याला तिची गरज आहे तो माणूस यांच्यामधील अंतराचा. हे अंतर इंटरनेटमुळे आपोआप मिटेल, अशी अपेक्षा गेल्या दोन दशकांत वारंवार व्यक्त झाली. ती कितपत खरी ठरली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका घरासाठी सहा दारे

अमूर्त चर्चेपेक्षा एक कल्पित उदाहरण घेणे सोयीचे होईल. बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात बहात्तर वर्षांची एक विधवा स्त्री राहते. थोरला मुलगा सुरतेला यंत्रमागावर कामाला आहे. घरी सून आणि दोन शाळकरी मुले. एके दिवशी या स्त्रीला पक्षाघाताचा झटका येतो. काही दिवस रुग्णालयात काढून ती घरी परतते, परंतु उजवा हात-पाय काम करीत नाही. येथून पुढे या कुटुंबाला कोणकोणत्या सेवा मिळू शकतात?

पहिली बाब उपचारांच्या खर्चाची. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण उपलब्ध झाले आहे. त्यासाठी आधारच्या आधारे नोंदणी करून 'आयुष्मान वय वंदना' कार्ड घ्यावे लागते. हे आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. दुसरी बाब चाकांच्या खुर्चीची. दारिद्र्यरेषेखालील किंवा मर्यादित उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशी साधने विनामूल्य देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ पासून सुरू आहे. तिची अंमलबजावणी कानपूर येथील अलिम्को ही सार्वजनिक संस्था करते आणि मंत्रालय आहे सामाजिक न्यायाचे. तिसरी बाब निवृत्तिवेतनाची. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना ग्रामीण विकास मंत्रालयाकडे आहे, तर त्यात राज्याने घातलेली भर आणि राज्याची स्वतःची योजना राज्याच्या समाजकल्याण विभागाकडे. बिहारने जुलै २०२५ पासून ही रक्कम दरमहा ४०० रुपयांवरून ११०० रुपये केली, तेव्हा सून पात्र सासूचा अर्ज भरण्यास उत्सुक असेल यात नवल नाही. चौथी बाब अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची. त्याचे संकेतस्थळ वेगळे, विभाग वेगळा. पाचवी बाब व्यायामोपचार आणि दीर्घकालीन शुश्रूषेची. जिल्हा रुग्णालयातील वृद्धरोग विभाग, गावाजवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर आणि आशा कार्यकर्ती हा त्याचा मार्ग. सहावी बाब बँकेची. सत्तर वर्षांवरील खातेदारांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या दृष्टीने रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना निर्देश दिलेले आहेत.

यातील प्रत्येक सेवेची माहिती आज इंटरनेटवर उपलब्ध आहे. प्रत्येक विभागाने आपापले दार नीट बांधलेले आहे. परंतु ही सहा दारे एकाच घरासाठी आहेत, हे सांगणारी पाटी कोठेही लावलेली नाही. मंत्रालये विषयांनुसार विभागलेली असतात. आजारपण मात्र माणसाकडे एकत्रितपणे येते. प्रशासनाच्या रचनेत यात गैर काही नाही, परंतु या विभागणीचा खर्च अखेर कोण सोसतो, हे पाहणे अर्थशास्त्राचे काम आहे.

शोधाचा खर्च

जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये माहितीचे अर्थशास्त्र या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती फुकट मिळत नाही, ती शोधण्यात वेळ व श्रम खर्च होतात आणि ग्राहक हा खर्च परवडेल तेथपर्यंतच शोध घेतो, हे त्याचे थोडक्यात सार. बाजारपेठेतील किमतींसंबंधी मांडलेला हा विचार शासकीय सेवांनाही तितकाच लागू पडतो. अलीकडच्या काळात पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रशासकीय ओझ्याचे तीन भाग पाडले आहेत. योजना आहे आणि आपण तीत बसतो हे जाणून घेण्याचा खर्च हा पहिला. कागदपत्रे जमविणे, रांगा लावणे, फेऱ्या मारणे हा पूर्ततेचा खर्च दुसरा. आणि याचकासारखे उभे राहावे लागल्याची जी सल मनात राहते, तो तिसरा, मानसिक खर्च. परीक्षार्थींनी ही त्रयी लक्षात ठेवावी. कल्याणकारी योजनांच्या मूल्यमापनावरील कोणत्याही प्रश्नात ती उपयोगी पडते.

इंटरनेट या तिन्हींपैकी कशावर परिणाम करते? पूर्ततेचा खर्च ते निश्चितपणे कमी करू शकते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे हयातीचा दाखला. निवृत्तिवेतनधारकाने दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे, ही पद्धत अनेक दशके चालली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सुविधा सुरू झाली. सुरुवातीला तीत बोटांचे ठसे लागत. वयपरत्वे झिजलेले ठसे यंत्र ओळखत नसे आणि त्यामुळे पुन्हा बँकेची पायरी चढावी लागे. २०२० मध्ये टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनने घरी येऊन दाखला नोंदविण्याची सोय झाली आणि २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचे तंत्र आले. साधे अँड्रॉइड भ्रमणध्वनी यंत्र त्यासाठी पुरते. दुरुस्तीला सात वर्षे लागली, हे खरे. तथापि, वापरणाऱ्याच्या अडचणीतून सुविधा सुधारत गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

मात्र येथे एक फरक करावयास हवा. हयातीचा दाखला देणाऱ्याला आपल्याला निवृत्तिवेतन मिळते हे ठाऊकच असते. म्हणजे पहिला, जाणून घेण्याचा खर्च त्याने कधीच चुकता केलेला असतो. सारण जिल्ह्यातील त्या सुनेचे तसे नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या 'लासी' या सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत साठ वर्षांवरील एकतीस हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. त्यात वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेची माहिती सुमारे ५५ टक्के ज्येष्ठांना, विधवा निवृत्तिवेतनाची ४४ टक्के ज्येष्ठांना आणि अन्नपूर्णा योजनेची अवघ्या १२ टक्के ज्येष्ठांना असल्याचे दिसून आले. २००७ च्या निर्वाह कायद्याची माहिती असलेल्यांचे प्रमाणही जवळपास १२ टक्केच होते. या कायद्याखाली उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. सूचना बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित असतो आणि मुलांनी सांभाळ करावा या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळविण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. इतका सोपा कायदा असूनही दहांपैकी जवळपास नऊ वृद्धांना तो ठाऊकच नसेल, तर त्याचे सोपेपण कोणाच्या उपयोगाचे?

शोध घेणार कोण?

ज्येष्ठांनी स्वतः इंटरनेटवर सेवा शोधाव्यात, या अपेक्षेमागे साक्षरता गृहीत धरलेली असते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील व्यक्तींपैकी ४४ टक्केच साक्षर होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५९ टक्के, तर स्त्रियांमध्ये २८ टक्के होते. स्त्रियांचे आयुर्मान अधिक असल्याने अतिवृद्धांत त्यांचा भरणा मोठा असतो, म्हणजे ज्या गटाला सेवांची गरज सर्वाधिक त्याच गटाला अक्षरओळख सर्वांत कमी. डिजिटल साक्षरता ही त्यापुढची पायरी. सहावे नव्हे, तर पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) या संदर्भात नेहमी उद्धृत केले जाते. त्यानुसार कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के होते. परंतु हे आकडे १५ ते ४९ या वयोगटातील आहेत, हे उद्धृत करणारे अनेकदा विसरतात. साठीपुढील सासूविषयी हे सर्वेक्षण काही सांगत नाही. ते सांगते तिच्या सुनेविषयी.

याहून महत्त्वाची गोष्ट धोरणाची आहे. ग्रामीण भागात सहा कोटी व्यक्तींना डिजिटल साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवून २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान हाती घेण्यात आले. मार्च २०२४ मध्ये ते संपले, तेव्हा उद्दिष्टापेक्षा अधिक, सुमारे ६.३९ कोटी व्यक्ती प्रशिक्षित झाल्या होत्या. संख्येच्या दृष्टीने ही कामगिरी मोठीच आहे. परंतु पात्रतेची वयोमर्यादा होती १४ ते ६० वर्षे. म्हणजे शासकीय व्याख्येनुसार माणूस ज्या दिवशी ज्येष्ठ नागरिक होतो, जवळपास त्याच सुमारास तो डिजिटल शिक्षणाला अपात्र ठरत होता. यामागे दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. मर्यादित निधी कमावत्या वयाकडे वळवावा, हा नियोजनाचा जुना तर्क त्यात दिसतो. पण त्याच वर्षांत निवृत्तिवेतन, रास्त भाव दुकान, आरोग्य कार्ड अशा वृद्धांच्या सेवा एकेक करून संगणकाच्या पडद्यामागे जात होत्या. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहिले असते, तर विसंगती ध्यानात आली असती.

केरळने या बाबतीत निराळा मार्ग धरला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये संपूर्ण डिजिटल साक्षरता साध्य केल्याचे जाहीर झाले. त्या प्रयोगाचा विस्तार 'डिजी केरळम' म्हणून राज्यभर करण्यात आला. स्वयंसेवकांनी घरोघर पाहणी करून ज्यांना भ्रमणध्वनीवरील साधे व्यवहार जमत नाहीत अशा सुमारे बावीस लाख व्यक्ती शोधून काढल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा झाली. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेलेही होते. अशा घोषणांतील 'पूर्ण' या शब्दाकडे अर्थशास्त्रज्ञाने थोडे सावधपणेच पाहावे. शिकविलेले वर्षभराने किती जणांना आठवते, हा प्रश्न उरतोच. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली, ती म्हणजे वय ही शिकण्याची मर्यादा नसून शिकविणाऱ्याच्या कल्पनेची मर्यादा होती. अर्थात, केरळची ग्रंथालये, कुटुंबश्रीचे बचत गट आणि जुनी साक्षरता चळवळ इतर राज्यांकडे तयार नाही.

मधल्या माणसाचे महत्त्व

वृद्धांसाठी इंटरनेट म्हणजे वृद्धाच्या हातातील पडदा, ही कल्पनाच मुळात अपुरी आहे. जेथे डिजिटल सेवा खरोखर पोहोचली तेथे मध्ये कोणी तरी माणूस उभा आहे, असे आढळते. 'ई-संजीवनी' या दूरवैद्यक सेवेचे उदाहरण बोलके आहे. तिचे दोन प्रकार आहेत. एकात रुग्ण थेट डॉक्टरशी संपर्क साधतो. दुसऱ्यात तो जवळच्या आरोग्य केंद्रात जातो आणि तेथील आरोग्य कर्मचारी त्याला दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. तीस कोटींहून अधिक सल्लामसलतींचा जो टप्पा या सेवेने गाठला, त्यातील फार मोठा वाटा दुसऱ्या प्रकाराचा आहे.

२००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन आराखड्याखाली मंजूर झालेली सामायिक सेवा केंद्रे याच विचारावर उभी आहेत. एक लाख केंद्रांपासून सुरू झालेले हे जाळे आज पाच लाखांहून अधिक केंद्रांचे झाले आहे. महाराष्ट्रात 'आपले सरकार सेवा केंद्र', राजस्थानात 'ई-मित्र', केरळमध्ये २००२ पासूनचे 'अक्षय' ही त्याचीच भावंडे. परंतु केंद्रचालकाचे उत्पन्न व्यवहारांच्या संख्येवर अवलंबून असते, हे येथे विसरून चालणार नाही. पॅन कार्ड किंवा पीक विम्याचा अर्ज पाच-दहा मिनिटांत होतो. पक्षाघात झालेल्या सासूला काय काय मिळू शकेल, हे समजावून सांगण्यास एक तास लागतो आणि त्याबद्दल त्याला एक पैसाही मिळत नाही. त्याने ते केले तर ती त्याची सज्जनता, केले नाही तर तो दोषी ठरत नाही. सल्ला देण्याच्या कामाला दर ठरवून मोबदला दिला, तरच ते काम नियमितपणे होईल. या सूचनेवर खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. पण तो तास आज फुकट जात नाही, तो सुनेच्या पाच फेऱ्यांतून आणि बुडालेल्या मजुरीतून वसूल होतच असतो.

दूरध्वनी हा दुसरा मध्यस्थ. हैदराबादेत टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रयोगातून पुढे 'एल्डर लाइन' ही राष्ट्रीय साहाय्य सेवा आकाराला आली आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली. १४५६७ हा तिचा क्रमांक. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत ती माहिती, मार्गदर्शन, भावनिक आधार आणि छळ अथवा निराधारपणाच्या प्रसंगी प्रत्यक्ष जागेवर जाऊन मदत देते. राज्याच्या भाषेत बोलणारा माणूस पलीकडे असणे, हे तिचे बलस्थान. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीसाठी ही इंटरनेटची खरी पायरी आहे, कारण पडद्यावरील शोध पलीकडचा कर्मचारी घेतो. अमेरिकेत १९९१ पासून 'एल्डरकेअर लोकेटर' ही सेवा अशाच तत्त्वावर चालते. फोन करणाऱ्याला ती त्याच्या भागातील वृद्धसेवा संस्थेशी जोडून देते. तथापि, तेथे १९६५ च्या कायद्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या सहाशेहून अधिक क्षेत्रीय संस्था मागे उभ्या आहेत. जपानने २००६ मध्ये वस्तीपातळीवर साहाय्य केंद्रे स्थापन केली. प्रत्येक केंद्रात आरोग्य परिचारिका, समाजकार्यकर्ता आणि शुश्रूषा-नियोजक असे तिघे असतात. कुटुंबाने एकाच ठिकाणी जायचे, दारे ठोठावण्याचे काम केंद्राने करायचे, अशी ती व्यवस्था. दोन्ही देशांचे उत्पन्न भारतापेक्षा कितीतरी अधिक आहे हे मान्य करूनही, सेवांची जुळणी करणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

काळजीवाहकाचा रकाना

आतापर्यंतच्या विवेचनात सुनेचा उल्लेख वारंवार आला, पण योजनांत ती कोठे आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया कुटुंबातील व्यक्तींच्या देखभालीत सहभागी होत्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे, तर पुरुष सुमारे ७४ मिनिटे देत होते. यात मुलांची देखभालही धरलेली आहे. या श्रमाची गणना राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. स्मृतिभ्रंशासारख्या आजारात तर हा भार बारा-पंधरा वर्षेही चालू राहू शकतो. लासीच्या विशेष अभ्यासातून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. अशा रुग्णाला आपल्याला काय हवे हे सांगता येत नाही आणि अर्जही भरता येत नाही. सेवेचा शोध घेणारा प्रत्यक्षात काळजीवाहकच असतो.

असे असूनही बहुतेक संकेतस्थळे 'मी स्वतः ज्येष्ठ नागरिक आहे' असेच गृहीत धरून रचलेली आहेत. परक्याच्या वतीने शोध घेणाऱ्यासाठी वेगळी वाट नाही. ओटीपी आईच्या भ्रमणध्वनीवर येतो, तो भ्रमणध्वनी सारणमध्ये आणि अर्ज भरणारा मुलगा सुरतेत. शिवाय काळजीवाहकाची स्वतःचीही गरज असते. रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, शय्याव्रण कसे टाळावेत, हे कोणी तरी शिकवावे लागते. आठवड्यातून एक दिवस रुग्णाला सांभाळणारे केंद्र जवळ असेल तर तेवढीच उसंत मिळते. मानसिक ताणासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'ची १४४१६ ही विनामूल्य सेवा आहे. वृद्धांची सेवा करणाऱ्यांनाही ती खुली आहे, हे पुरेसे ठाऊक नाही. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये सुरू झालेल्या उपशामक शुश्रूषेच्या कामाने आणि त्यातून मलप्पुरम परिसरात वाढलेल्या शेजारसेवेच्या जाळ्याने घरच्या माणसालाही सेवेच्या कक्षेत घेतले. केरळने २००८ मध्ये याविषयी शासकीय धोरणच स्वीकारले. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे हे असेच तयार जाळे आहे. सहली व व्याख्यानांच्या जोडीला स्थानिक सेवांची यादी ठेवण्याचे काम त्यांच्याकडे दिल्यास ते अवघड ठरू नये.

खोटी दारे, शिळ्या याद्या

माहितीची उणीव असते तेथे फसवणुकीला वाव मिळतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की गुणवत्तेची माहिती एकाच बाजूला असेल तर बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. शोधयंत्रावर एखाद्या बँकेचा साहाय्य क्रमांक शोधला असता भामट्याचा क्रमांक वर येणे, हयातीचा दाखला अद्ययावत करून देतो असे सांगून ओटीपी मागणे, 'डिजिटल अटके'ची भीती घालून आयुष्यभराची पुंजी काढून घेणे, या प्रकारांत वृद्ध हे सोपे लक्ष्य ठरतात. १९३० हा तक्रार क्रमांक त्यासाठी आहे आणि पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता बरीच अधिक असते. मात्र एकदा हात पोळलेला वृद्ध खऱ्या संकेतस्थळाकडेही पुन्हा फिरकत नाही. हा तोटा कोणत्याही गुन्हे अहवालात नोंदला जात नाही.

शिळी माहिती हाही फसवणुकीचाच सौम्य प्रकार म्हणावा लागेल. ज्येष्ठांची रेल्वे भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. तरीही सवलतींची यादी देणाऱ्या कितीतरी पानांवर ती आजही झळकते. वृद्धाश्रमांच्या याद्यांचीही हीच गत. डॉ. अश्विनी कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १३ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची व वृद्धांसाठीच्या वैद्यकीय सुविधांची माहिती राज्यांकडून गोळा करण्याचा, तसेच २००७ च्या कायद्याला व्यापक प्रसिद्धी देण्याचा निर्देश केंद्राला दिला. देशात वृद्धाश्रम किती आणि कोठे आहेत, यासाठी न्यायालयाला आदेश द्यावा लागला, यातच माहितीच्या स्थितीचे वर्णन आले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला. ते प्रकरण आम्लहल्ल्यातील पीडित व दृष्टिबाधित व्यक्तींचे होते. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटविण्याची अट त्यांना पाळता येत नव्हती. मोतीबिंदू झालेल्या किंवा हात थरथरणाऱ्या वृद्धाची अडचण त्याहून फारशी वेगळी नाही.

नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्येष्ठ सेवा सुधारणाविषयक निबंधात सर्व सेवांसाठी एकच राष्ट्रीय संकेतस्थळ असावे, अशी शिफारस आहे. जुलै २०२२ पासूनचे 'मायस्कीम' संकेतस्थळ वय, उत्पन्न, राज्य विचारून योजना सुचविते, ही चांगली सुरुवात आहे. परंतु योजना सुचविणे वेगळे आणि छपऱ्यात मंगळवारी व्यायामोपचारतज्ज्ञ कोठे बसतो हे सांगणे वेगळे. दुसरी माहिती केवळ स्थानिक पातळीवरच तयार होऊ शकते आणि ती दर तीन महिन्यांनी बदलते. ग्रामपंचायत, आशा, पोस्टमन यांच्यापैकी कोणाकडे तरी ही नोंद ताजी ठेवण्याची जबाबदारी व त्यासाठीचा अल्पसा निधी द्यावा लागेल.

माहिती हा पुरवठ्याला पर्याय नव्हे, हेही तितकेच खरे. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या केंद्रीय योजनेत राज्यांसाठी लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरलेली आहे. देशभरात ती सुमारे २.२ कोटी आहे. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून दरमहा २०० रुपयांवरच राहिला आहे. ज्या राज्याने स्वतःच्या निधीतून भर घातली नाही, तेथे माहिती मिळालेला वृद्ध फक्त प्रतीक्षायादीपर्यंत पोहोचतो. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या खासगी संस्थांबाबत तर यादी करण्यासारखी नोंदच नाही, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रव्यापी कायदा अस्तित्वात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या निर्वाह कायदा दुरुस्ती विधेयकात अशा संस्थांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान मानके आणि निर्वाहभत्त्यावरील दरमहा दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा काढून टाकणे, या तिन्ही तरतुदी होत्या. सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली आणि त्याबरोबर ते विधेयक व्यपगत झाले. नोंदणी सक्तीची करावयाची तर त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणावे लागेल, आणि सेवादात्यांची खात्रीशीर यादी त्यानंतरच तयार करता येईल.